डोंगरवाटेवर गट फुटू नये म्हणून

आठ-दहा जण डोंगर चढायला निघाले की पहिल्या अर्ध्या तासातच गट फुटतो. पुढचे तरातरा जातात, एखाद्या सपाटीवर टेकतात आणि मागचे धापा टाकत पोहोचले की लगेच उठून चालू लागतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची खरी गरज, त्यांनाच ती मिळत नाही. म्हणून थांबा मोजायचा तो शेवटचा माणूस बसल्यापासून, पूर्ण 5 मिनिटं.

वाट माहीत असलेला एक जण पुढे, एक दमदार गडी अगदी शेवटी. त्याच्या मागे कुणीच राहायचं नाही. आडोशाला जायचं असेल तर त्याला सांगून आणि सॅक वाटेवर दिसेल अशी ठेवून. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढच्याच्या लगेच मागे ठेवा, वेग आपोआप बसतो. चालताना बोलायला दम पुरत नसेल तर वेग जास्तच आहे. फाटा आला की थांबून डोकी मोजा, मगच वळा. चुकामूक होते ती बहुतेक तिथेच.

वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा 1892चा हिशेब सोपा आहे: दर 5 किलोमीटरला 1 तास, शिवाय दर 600 मीटर चढाला 1 तास. 8 किलोमीटर आणि 450 मीटर चढ असेल तर साधारण 2 तास 20 मिनिटं. यात थांबे धरलेले नाहीत. गट मोठा असेल तर सरळ साडेतीन तास धरा.

उतरण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी आवळून बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळीनिळी होतात.