अधीन प्रदेशांतील रहिवाशांनी फेलोशिपच्या पात्रतेचे नियम कसे पारखावेत

आंतरराष्ट्रीय फेलोशिपच्या माहितीपत्रकात पात्रतेचा मजकूर जेमतेम दोन-तीन ओळींचा असतो. परंतु प्वेर्तो रिको, ग्वाम किंवा अमेरिकन सामोआ या, अमेरिकेच्या ताब्यातील पण राज्याचा दर्जा नसलेल्या बेटांवरील अर्जदाराचा निकाल बहुधा त्याच ओळींत लागलेला असतो. म्हणून रक्कम आणि मुदत पाहण्याआधी नियमात ‘नागरिक’, ‘नॅशनल’, ‘रहिवासी’ आणि ‘राज्य’ यांपैकी नेमका कोणता शब्द आहे, हे पाहावे.

यांतील पहिले दोन शब्द सर्वाधिक घोटाळा करतात. प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ च्या आणि ग्वामच्या लोकांना १९५० च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. अमेरिकन सामोआत जन्मलेली व्यक्ती मात्र, आई-वडिलांपैकी कोणीही नागरिक नसल्यास, आजही अमेरिकेची केवळ ‘नॅशनल’ असते, म्हणजे अमेरिकेशी निष्ठेने बांधलेली, पण नागरिक नसलेली. तिच्याकडे अमेरिकेचाच पासपोर्ट असतो, पण ती नागरिक नसल्याची नोंद त्यावर असते. अमेरिकी विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारी फुलब्राइट योजना नागरिक आणि नॅशनल या दोघांनाही अर्ज करू देते. अमेरिकी विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये शिकण्यासाठी मिळणाऱ्या मार्शल शिष्यवृत्तीला मात्र नागरिकत्वच लागते. म्हणजे गुणपत्रक तेच, पासपोर्ट तोच, तरी एकीकडे प्रवेश आहे आणि दुसरीकडे नाही.

असा नियम अन्याय्य आहे असे लगेच म्हणू नये. आधी त्याचा हेतू विचारावा. अट देशाशी असलेले नाते पडताळण्यासाठी असेल, तर अमेरिकेशी कायमची निष्ठा बाळगणे ही नॅशनल असण्याची कायदेशीर व्याख्याच आहे, त्यामुळे नॅशनल व्यक्तीला वगळून तो हेतू अधिक साधत नाही. माझ्या मते अशा ठिकाणी द्वेषापेक्षा विसरच अधिक असतो, आणि तो एका वाक्याने दुरुस्त होतो. उदाहरणार्थ, परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेली ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती ब्रिटिश नागरिकांना दिली जात नाही. पण २००२ च्या कायद्याने ब्रिटनच्या बहुतेक सागरपार प्रदेशांतील लोक ब्रिटिश नागरिकही झाले असल्याने, त्यांच्यासाठी नियमातच अपवाद नमूद केलेला आहे.

निवड राज्यवार किंवा विभागवार होत असेल, तर आपला प्रदेश कोणत्या विभागात धरला आहे, हेही शोधावे. अमेरिकेच्या देशांतर्गत ट्रुमन शिष्यवृत्तीच्या कायद्यात प्वेर्तो रिको स्वतंत्र मोजले जाते, तर ग्वाम, व्हर्जिन बेटे, अमेरिकन सामोआ आणि उत्तर मारियाना बेटे मिळून एकच घटक धरला जातो. दार उघडे आहे खरे, पण कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील बेटे एकाच पंक्तीत बसवणे ही मला केवळ कारभाराची सोय वाटते, न्याय नव्हे.

शंका राहिल्यास मुदतीच्या बऱ्याच आधी योजनेच्या कार्यालयाला लेखी विचारावे. पत्रात नियमातील शब्द जसाच्या तसा उद्धृत करावा, आपले जन्मस्थान, कायदेशीर दर्जा आणि कायमचा पत्ता स्पष्ट लिहावा, आणि ‘मी पात्र आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘नागरिक’ या शब्दापुढे ‘किंवा नॅशनल’ जोडता येईल का, असेही विचारावे. फोनवरील होकारावर विसंबू नये. नकार आला, तर तो कायद्यामुळे आहे की केवळ योजनेच्या धोरणामुळे, हे लिहून मागावे. धोरण संचालक मंडळ बदलू शकते, कायद्यासाठी मात्र संसदेपर्यंत जावे लागते.