घरपट्टी जास्त आली तर भरण्याआधी हे बघा
पुण्यात स्वतःच्या घरात राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, पण काहींच्या बिलात ती लागलेलीच नसते आणि लोक मुकाट्याने भरून टाकतात, प्लीज असं करू नका. ही सवलत मागायचा पीटी-३ फॉर्म महापालिकेत द्या, सोबत सोसायटीचं पत्र आणि मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड असा राहत असल्याचा पुरावा. आणि आकारणी वाढल्याची स्पेशल नोटीस आली असेल तर हरकतीची मुदत त्यातच असते, साधारण २१ दिवस, ती अजिबात चुकवू नका. हरकत लेखीच द्यायची, एरिया चुकलाय की घर भाड्याने दिलंय असं दाखवलंय ते नेमकं लिहायचं, इंडेक्स टू (घराच्या दस्त नोंदणीचा उतारा) जोडायचा, आणि आपल्या कॉपीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचंच नाही, सुनावणीला तोच कामी येतो.