असेल, पाहिजे, नको: इंग्रजीत कुठे कोणतं मोडल?

मोडल म्हणजे दुसऱ्या क्रियापदाला शक्यता, गरज, परवानगी अशी छटा देणारं सहायक क्रियापद. इंग्रजीतली मुख्य मोडल क्रियापदं नऊ: कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड आणि मस्ट. शाळेत ती अर्थांच्या तक्त्याने पाठ होतात: कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित. तक्ता परीक्षेपुरता ठीक आहे, पण बोलताना तोच घात करतो. आपलं 'असेल' किंवा 'पाहिजे' एकटंच तीन-चार कामं उरकतं. इंग्रजी बोलणारा त्यातल्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द काढतो.

बांधणीचे नियम थोडे आणि कडक आहेत. मोडलनंतर क्रियापद मूळ रूपात येतं. मध्ये 'टू' नाही, शेवटी 'एस' नाही, आणि दोन मोडल शेजारी बसत नाहीत. म्हणून 'यू मस्ट टू गो', 'शी कॅन स्विम्स', 'आय विल कॅन कम' हे तिन्ही चूक. 'आय कॅन एबल टू डू' ही तर आपल्याकडची खास चूक, कारण कॅन आणि एबल टू एकच सांगतात. भविष्यकाळ हवा तर 'आय विल बी एबल टू कम'. 'हॅव टू' अर्थाने मोडलसारखं असलं तरी वागतं साध्या क्रियापदासारखं: 'शी हॅज टू गो', 'डू यू हॅव टू गो?'

आता 'असेल'. दारावरची बेल वाजली आणि तुम्हाला म्हणायचंय, 'बाबा असतील.' इंग्रजीत आधी ठरवावं लागतं, खात्री किती आणि कशावरून. रोज याच वेळी येतात म्हणून: 'दॅट विल बी डॅड.' खाली त्यांच्या गाडीचा आवाज ऐकला, त्यावरून तर्क केला: 'दॅट मस्ट बी डॅड.' बाबा असतील, नाहीतर कुरिअरवालाही असेल: 'दॅट माइट बी डॅड', किंवा 'कुड बी'. बाबा तर नाशिकला गेलेत: 'दॅट कान्ट बी डॅड.' इथे 'मस्न्ट बी' सहसा म्हणत नाहीत. तर्काने घेतलेल्या मस्टचा नकार कान्ट होतो.

मराठीतच एक खूण सापडते. वाक्यात 'असणार' शोभत असेल तर मस्ट, 'कदाचित असेल' शोभत असेल तर माइट, 'असूच शकत नाही' असेल तर कान्ट. भूतकाळासाठी पुढे 'हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. त्याची गाडी चुकली असणार: 'ही मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन.' त्याने कळवायला हवं होतं: 'ही शुड हॅव टोल्ड अस.' हे 'शुड हॅव' बोलताना इतकं आक्रसतं, की इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही लिहिताना 'शुड ऑफ' लिहितात. त्यांचं अनुकरण करू नका.

'पाहिजे'चा प्रश्न वेगळा. इथे मोजायचा तो समोरच्यावरचा दाब. सर्वात हलकं 'यू कुड ट्राय दॅट', मग 'यू शुड', त्यावर 'यू हॅव टू' किंवा 'यू नीड टू', आणि वर 'यू मस्ट'. सहकाऱ्याला 'यू मस्ट सेंड द फाइल टुडे' लिहिलं तर तो हुकूम वाटतो. त्याऐवजी 'वी नीड टू सेंड इट टुडे' लिहिलं की काम तेच होतं आणि कुणी दुखावत नाही. रोजच्या बोलण्यात सक्तीचं मस्ट आता कमीच ऐकू येतं. १९६१ आणि १९९१ च्या सुमाराच्या छापील इंग्रजीची तुलना झाली, तेव्हा मस्ट, मे आणि शॅल या तिघांचाही वापर घटलेला दिसला. मस्ट टिकून आहे नियमांच्या पाट्यांवर, वरच्या तर्कात, आणि आग्रहात: 'यू मस्ट ट्राय धिस केक' यात दाब नाही, प्रेम आहे. 'यू हॅड बेटर' मात्र सांभाळून वापरा. त्यातलं 'बेटर' पाहून तो सौम्य सल्ला वाटतो, प्रत्यक्षात ती ताकीद असते: नाहीतर परिणाम भोगाल.

सगळ्यात महागात पडतं ते 'नको'. 'उद्या तुम्ही यायला नको' यात येण्याची गरज नाही हेही आहे आणि येऊ नका हेही. आपण सूर ऐकून समजून घेतो. इंग्रजीत गरज नसेल तर 'यू डोन्ट हॅव टू कम', आणि मनाई असेल तर 'यू मस्न्ट कम'. पाहुण्याला पहिल्याऐवजी दुसरं सांगितलंत, तर आमंत्रणच रद्द झालं. साध्या मनाईला रोजच्या बोलण्यात बहुधा कान्ट येतं: 'यू कान्ट पार्क हिअर.'

विनंतीत 'कुड' आणि 'वुड' यांचा भूतकाळाशी संबंध नसतो. ते एक पाऊल मागे सरकून विचारतात, म्हणून नम्र वाटतात. 'प्लीज सेंड मी द रिपोर्ट' प्लीज लावूनही आज्ञाच राहते. 'कुड यू सेंड मी द रिपोर्ट?' ही विनंती. उत्तर देताना 'येस, आय कुड' म्हणू नका, त्यातून 'पाठवू शकलो असतो, पण...' असा सूर निघतो. 'शुअर' किंवा 'येस, आय कॅन' पुरे. 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' याला हौसेने 'येस' म्हणालात, तर अर्थ 'हो, माझी हरकत आहे' असा होतो. उत्तर 'नॉट अ‍ॅट ऑल'. 'मे आय कम इन?' चूक नाही, पण शाळेतलं वाटतं. मोठी माणसं बहुधा 'कॅन आय कम इन?' म्हणतात. मदत देऊ करताना ब्रिटनमध्ये 'शॅल आय कॅरी दॅट?', अमेरिकेत 'डू यू वॉन्ट मी टू कॅरी दॅट?'

भूतकाळातलं 'कुड' पूर्वीच्या सर्वसाधारण क्षमतेसाठी: 'आय कुड स्विम व्हेन आय वॉज फाइव्ह.' एकदाच जमलेल्या गोष्टीला ते चालत नाही. काल तिकीट मिळालं, हे 'आय वॉज एबल टू गेट अ टिकिट' किंवा 'आय मॅनेज्ड टू गेट अ टिकिट'. न मिळाल्यास मात्र 'आय कुडन्ट गेट अ टिकिट' बिनधास्त म्हणा.

'आय वुड बी कमिंग टुमॉरो' भारतात सर्रास लिहितात. बाहेरचा वाचणारा पुढच्या 'पण'ची वाट बघत बसतो. येणार आहात ना? मग 'आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो'. विल बहुधा तिथल्या तिथे ठरवलेल्या गोष्टीला येतं: फोन वाजला, 'आयल गेट इट'. आधीच ठरलेल्याला 'गोइंग टू'.

शेवटी उच्चार, कारण इथे अर्थ थेट उलटा होतो. होकारी वाक्यात कॅनवर जोर नसतो. ते 'क्‌न' इतकंच ऐकू येतं आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: 'आय क्‌न डू इट.' नकारात जोर मोडलवरही येतो, ब्रिटिश 'कान्ट', अमेरिकन 'कॅन्ट', आणि शेवटचा 'ट' पुष्कळदा गिळला जातो. आपण कॅन ठासून म्हटलं की अमेरिकन कानाला ते कॅन्ट वाटतं. फोनवर तारीख किंवा पैसे ठरवत असाल तर नकार 'कॅनॉट' असा पूर्ण उच्चारा, आणि होकाराला आधी 'येस' जोडा.