ऑडिओबुक एमपी३ प्लेअरमध्ये भरताना या चुका टाळा

गाण्यांचा क्रम बदलला तर फारसे बिघडत नाही, पण पुस्तकाचे अकरावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी वाजले तर ऐकण्यात काही अर्थ उरत नाही. दोष बहुधा प्लेअरचा नसतो. फाइली ज्या रीतीने तयार करून भरल्या, त्यात तो असतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे फाइलींना १, २, ३ असे क्रमांक देणे. अनेक प्लेअर नावांची तुलना एकेका अक्षराने करतात, त्यामुळे १ नंतर १० आणि ११ येतात आणि २ मागे राहतो. म्हणून नावाच्या सुरुवातीलाच ०१, ०२ आणि फाइली शंभरावर असतील तर ००१ असा क्रमांक द्यावा. मात्र तो इंग्रजी अंकांत असावा, कारण जुन्या प्लेअरना देवनागरी दाखवता येत नाही.

एवढे करूनही क्रम चुकत असेल, तर टॅग, म्हणजे फाइलीच्या आत साठवलेली नाव-क्रमांकाची माहिती, तपासावेत. काही प्लेअर फाइलीचे नाव पाहतच नाहीत, टॅगमधील ट्रॅक क्रमांक पाहतात. चार सीडींवरून उतरवलेल्या पुस्तकात प्रत्येक सीडीचा पहिला ट्रॅक '१' असतो आणि मग चारही पहिले ट्रॅक एकापाठोपाठ वाजतात. 'एमपी३टॅग' या सॉफ्टवेअरमध्ये सर्व फाइली निवडून अल्बमचे नाव एकच ठेवावे, क्रमांक सलग करावेत आणि डिस्क क्रमांक काढून टाकावा. अनेकांनी मिळून वाचलेल्या पुस्तकात 'अल्बम आर्टिस्ट' हा रकानाही सगळीकडे सारखाच भरावा, नाहीतर काही प्लेअर एकाच पुस्तकाचे तुकडे करून दाखवतात.

पडदा नसलेले स्वस्त प्लेअर आणि गाडीतील बरेच स्टिरिओ यांची गोष्ट वेगळी आहे, आणि लोक सर्वाधिक वैतागतात ते इथेच. ती यंत्रे नाव किंवा टॅग यांपैकी काहीही न पाहता, मेमरी कार्डावर ज्या क्रमाने फाइलींची नोंद झाली त्याच क्रमाने त्या वाजवतात. अशा वेळी नावे बदलून उपयोग नसतो. जुन्या फोल्डरमधील फाइली पुसून तिथेच पुन्हा भरल्या, तरी रिकाम्या झालेल्या जुन्या जागा वापरल्या जाऊन घोळ कायम राहू शकतो. म्हणून नवा फोल्डर करून त्यात फाइली क्रमाने भराव्यात किंवा 'फॅटसॉर्ट'सारख्या साधनाने नोंदी लावून घ्याव्यात. मॅकवरून भरल्यास '._' ने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली पुसाव्यात. प्लेअर त्यांना न वाजणारे ट्रॅक समजतो.

एम४बी (ऑडिओबुकसाठी वापरला जाणारा फाइलप्रकार) फाइल साध्या प्लेअरवर चालत नाही, तिचे एमपी३ करून घ्यावे. ते करताना मोनो (एकच ध्वनिवाहिनी), ६४ केबीपीएस आणि स्थिर बिटरेट (दर सेकंदाला सारखाच डेटा) ठेवावा. बोलणे त्यात स्वच्छ ऐकू येते आणि तासाला सुमारे २९ एमबी जागा लागते. दहा तासांची सलग फाइल करू नये, कारण थांबलेली जागा लक्षात न ठेवणारा प्लेअर बंद पडला की पुन्हा आरंभापासून सुरुवात होते. अर्ध्या तासाचे भाग सोयीचे पडतात. सॅन्सा क्लिप प्लस या छोट्या प्लेअरवर अशा फाइली 'ऑडिओबुक्स' फोल्डरमध्येच ठेवाव्यात, म्हणजे थांबलेली जागा लक्षात राहते. रॉकबॉक्स (मूळ सॉफ्टवेअरऐवजी बसवता येणारे मोफत सॉफ्टवेअर) चालणाऱ्या प्लेअरवर बुकमार्क, म्हणजे थांबलेल्या जागेची खूण, आपोआप जपण्याची सोय सेटिंगमधून सुरू करता येते. शफल (क्रम उलटसुलट करून वाजवण्याची सोय) बंद आहे ना, हेही पाहावे.