नागपूरच्या मिहानमध्ये एआय एजंटच्या कामाला येताय? टूलचं वर्णन लिहायला शिकून या

पुण्या-कोल्हापूरकडून नोकरी लागून इथे येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: खोली कुठे घेऊ, उन्हाळा सोसेल का, आणि ‘एजंटवर काम’ म्हणजे नेमकं काय करायचं? मीही तिकडचाच, आता इथला झालोय. पहिल्या दोन प्रश्नांचं पटकन सांगतो. खोली मनीषनगर, बेसा किंवा वर्धा रोडच्या बाजूला बघा. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते, पण तिथून पुढे ऑफिसपर्यंत कसं जायचं ते खोली ठरवण्याआधी विचारून घ्या. कूलर मार्चमध्येच आणा, मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि तेव्हा मेकॅनिक मिळत नाही. तर्री-पोहे पहिल्या दिवसापासून खा, सावजीला मात्र पोट जरा रुळू द्या.

आता तिसरा प्रश्न. एजंट म्हणजे असं एआय मॉडेल, जे काम करताना आपण दिलेली टूलं, म्हणजे छोटे प्रोग्राम, वापरतं. नवीन मुलं येतात ती प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला द्यायच्या सूचना, लिहायच्या तयारीने, आणि अडकतात टूलच्या वर्णनात. २०२३ साली फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल मागवायची सोय, आली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने एमसीपी, म्हणजे टूलं मॉडेलला जोडायची सामायिक पद्धत, आणली. पण मूळ व्यवस्था तीच राहिली. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि कुठली माहिती कशी भरायची याचा साचा. तेवढ्यावरून ते ठरवतं की टूल वापरायचं का आणि त्यात काय भरायचं.

समजा, शेतमालाच्या भावाचा एजंट करताय. टूलचं नाव ‘गेट_डेटा’, वर्णन ‘बाजारभावाची माहिती देते’. शेतकऱ्याने विचारलं, ‘संत्र्याला काय भाव आहे?’ कुठल्या बाजाराचा? कधीचा? किलोचा की क्विंटलचा? मॉडेल गप्प बसत नाही, बऱ्याचदा अंदाजाने काहीतरी भरतं आणि ठासून उत्तर देतं. त्याऐवजी असं लिहा:

‘कळमना बाजारातल्या एका शेतमालाचा एका दिवसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण घाऊक दर देते, रुपये प्रति क्विंटल. किरकोळ दुकानातला दर यात नाही. आजचा किंवा मागच्या एखाद्या दिवसाचा भाव विचारला तर वापरा. दोन तारखांमधला चढउतार हवा असेल तर ‘भाव_इतिहास’ वापरा. तारीख २०२५-११-०३ अशी (वर्ष-महिना-दिवस) द्या. त्या दिवशी लिलाव झाला नसेल तर रिकामी यादी येते, त्याचा अर्थ भाव शून्य असा नाही.’

यातलं ‘भाव_इतिहास’चं वाक्य सगळ्यात मोलाचं, आणि नवीन माणूस नेमकं तेच गाळतो. टूल काय करतं हे सगळेच लिहितात. शेजारचं टूल सोडून हेच का, आणि हे कधी वापरायचं नाही, हे कोणी लिहीत नाही. दोन टूलांमधला फरक तुम्हालाच एका वाक्यात सांगता येत नसेल, तर बहुधा त्या दोन्हींचं मिळून एकच टूल असायला हवं.

तारखेचंही तसंच. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, याची शंकाच उरू देऊ नका. रेल्वेचं टूल असेल आणि ‘स्टेशन’ एवढंच लिहिलं असेल, तर नागपूर, अजनी की इतवारी? स्टेशन कोडची ठरावीक यादीच साच्यात द्या, म्हणजे मॉडेल मनाने काही भरण्याची शक्यता कमी होते.

पण म्हणून पुराण लिहू नका. सगळ्या टूलांची वर्णनं सहसा प्रत्येक वेळी मॉडेलकडे जातात आणि कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरात, जागा खातात. आतला डेटाबेस कुठला, कोड कोणी लिहिला, याच्याशी मॉडेलला काय करायचंय?

एसएमएस पाठवणं, ऑर्डर रद्द करणं, असं काही मागे न घेता येणारं असेल तर ते वर्णनात स्पष्ट लिहा. मात्र तेवढ्यावर विसंबू नका. ‘आधी ग्राहकाला विचारा’ लिहिलं म्हणून मॉडेल दर वेळी विचारेलच असं नाही. मंजुरीची पायरी कोडमध्येच ठेवा. काही चुकलं तर टूलकडून येणारा संदेशही कामाचा हवा. नुसतं ‘एरर ४००’ आलं तर एजंट तेच पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. ‘तारीख पुढची आहे, आजची किंवा मागची द्या’ असं आलं तर स्वतःच दुरुस्त करतो.

तपासताना आपली शुद्ध, पुस्तकी वाक्यं टाकू नका. लोक जसं बोलतात तसं टाका. ‘काल संत्रं काय भाव गेलं?’ हे एका दिवसाच्या भावाच्या टूलकडे जायला हवं. ‘भाव उतरून राहिले का?’ हे ‘भाव_इतिहास’कडे. शेवटचं उत्तर बरोबर आलं एवढ्यावर खूश होऊ नका. कुठलं टूल उचललं आणि त्यात काय भरलं ते लॉगमध्ये, म्हणजे एजंटच्या कामाच्या नोंदीत, उघडून बघा. बदल करताना एका वेळी एकच वाक्य बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

टीममधला एखादा जुना गडी म्हणेल, ‘चालून राहिलं ना भाऊ, मग काऊन बदलतो?’ त्याच्याशी वाद घालू नका. तपासायची ती बोलीतली वाक्यं एका फाइलमध्ये जमवा, आणि वर्णन बदललं किंवा मॉडेलची आवृत्ती बदलली की सगळी पुन्हा चालवून निकाल त्याच्यासमोर ठेवा.