समुद्री लेक्टिन शोधताना या चुका टाळा

शैवाल, स्पंज, शिंपले, समुद्री काकडी यांच्यात साखरेला चिकटणारी प्रथिनं असतात, म्हणजेच लेक्टिन. ती हातून निसटतात तेव्हा दोष बहुधा चाचणीचा असतो.

अर्क लाल रक्तपेशींत मिसळला, पेशी चिकटल्या, की ‘लेक्टिन सापडलं’ म्हणायची घाई करू नका. तपकिरी शैवालातली पॉलिफेनॉल (प्रथिनांना चिकटणारी वनस्पतिजन्य रसायनं) हीसुद्धा पेशी चिकटवतात. अर्क आधी पीव्हीपीपी या पॉलिफेनॉल शोषून घेणाऱ्या भुकटीसोबत ढवळून गाळा, मग डायलिसिस करा, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू बाहेर जाऊ द्या. समुद्री काकडीची अडचण उलटी: तिच्यातली सॅपोनिन ही साबणासारखी रसायनं पेशी फोडतात. चिकटलेल्या पेशी चाचणीच्या ताटलीतल्या खळग्याच्या तळाशी चटईसारख्या पसरतात, न चिकटलेल्यांचा मधोमध लाल ठिपका होतो. फुटल्या तर सगळं द्रावणच स्वच्छ लाल दिसतं. पण तेवढ्यावरून नमुना टाकू नका. कुकुमारिया एकिनाटा या समुद्री काकडीतलं सेल-३ हे लेक्टिन स्वतःच पेशी फोडतं! ते गॅलॅक्टोज या साखरेला धरतं, म्हणून गॅलॅक्टोज घालून पेशी वाचतात का ते पाहा.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती कॅल्शियमपायी वाया गेलेल्या नमुन्यांची. सी-प्रकारच्या लेक्टिनना साखर धरायला कॅल्शियम लागतंच. अर्क काढताना सवयीने ईडीटीए हे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन घातलं की ती गप्प. फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) कॅल्शियम घातलं तर पांढरा साका बसतो. त्याऐवजी ट्रिस बफर घ्या, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईड घाला आणि चाचणी पुन्हा लावा.

शुद्ध करताना जेल भरलेल्या स्तंभातून (नळीतून) लेक्टिन बाहेरच आलं नाही? जेल कशाची आहे ते आठवा. अ‍ॅगॅरोज लाल शैवालातून येतं आणि त्याच्या साखळीत गॅलॅक्टोज असतं. गॅलॅक्टोज ओळखणारं लेक्टिन त्यालाच धरून बसतं. लॅक्टोजमध्येही गॅलॅक्टोज असतं; त्याचं द्रावण सोडा, लेक्टिन सुटून येतं.

ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज या साखरा घालूनही पेशींचं चिकटणं अडलं नाही, तरी ‘हे लेक्टिन नव्हे’ असं लिहू नका. शैवालातली कित्येक लेक्टिन सुट्या साखरेला दाद देत नाहीत. यीस्टचं मॅनन (मॅनोजची लांब साखळी) किंवा फेट्युइन (साखरेच्या साखळ्या जोडलेलं रक्तातलं प्रथिन) लावून बघा.

उपयोगाबद्दल बोलताना ग्रिफिथसिनचं नाव हमखास निघतं. न्यूझीलंडच्या लाल शैवालातलं हे १२१ अमिनो आम्लांचं प्रथिन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. एचआयव्हीच्या आवरणावरच्या मॅनोजच्या झुपक्यांना ते धरतं. त्याचे गुण मात्र दुसऱ्या लेक्टिनला आपोआप लावू नका. काही लेक्टिन पांढऱ्या रक्तपेशींना भराभर विभागायला लावतात. विषाणूवरच्या चाचणीबरोबरच ही तपासणीही लावा.