जळगावात बसून प्रोग्रामिंग कॉन्फरन्ससाठी टॉक कसा पाठवायचा

रावेर, सावदा, फैजपूर, बऱ्हाणपूर. केळीचे भाव रोज बघणाऱ्याला ही नावं तोंडपाठ असतात. त्या भावांसाठी मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रावेर शोधलं की भाव यायचा, सावदा शोधलं की यायचा, पण बऱ्हाणपूर शोधलं की काहीच नाही. नाव तर यादीत डोळ्यांसमोर दिसत होतं. दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी कारण सापडलं, तेव्हा भुसावळच्या मित्राला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अरे भो, हे कॉन्फरन्समध्ये सांग ना!"

तोवर माझी समजूत होती की टॉक देणारी माणसं पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांत असतात आणि आपण ऐकायचं काम करायचं. पायथॉनवाल्यांची कॉन्फरन्स, पायकॉन इंडिया, २००९ साली बंगळुरूत सुरू झाली, २०११ साली ती पुण्यात भरली होती. इतक्या जवळ येऊनही इथल्या कितीतरी मुलांना हे माहीत नसतं की अशा कॉन्फरन्समधले बहुतेक टॉक खुल्या आवाहनातून निवडले जातात. त्या आवाहनाला 'कॉल फॉर प्रपोजल्स' म्हणतात, बोलताना सगळे 'सीएफपी' म्हणतात. प्रपोजल, म्हणजे टॉकचा प्रस्ताव, कोणीही पाठवू शकतं. त्यासाठी ना पदवी लागते, ना कंपनीचं नाव.

विषय कुठून काढायचा

गेल्या वर्षभरात तुम्ही कशावर अडलात, हे आधी कागदावर लिहा. जिथे दोन दिवस गेले आणि उत्तर कुठेच एका जागी मिळालं नाही, तिथे टॉक असतो. ठिबकच्या सेन्सरला शेतात रेंज नसेल तर त्याचे आकडे कसे साठवायचे? दालमिलच्या दहा वर्षांच्या एक्सेल फाइली एका डेटाबेसमध्ये आणताना काय काय फुटलं? मराठीवर शिकवलेलं मॉडेल अहिराणी वाक्यावर कुठे चुकतं? हे प्रश्न तुमच्या अंगणातले आहेत, म्हणून तुमच्याइतक्या बारकाईने ते दुसरा कोणी सांगू शकणार नाही. याउलट 'मशीन लर्निंगची ओळख' या नावाची प्रपोजल्स निवड समितीकडे ढिगाने येतात. तुमचं त्या ढिगात का टाकायचं?

विषय सापडला की सीएफपीचं पान शांतपणे वाचा. टॉक किती मिनिटांचा, प्रश्नोत्तरं त्याच वेळेत की वेगळी, विषयांचे कोणते गट आहेत, प्रवासखर्चाला मदत मिळते का, एवढं टिपून ठेवा. आवाहन कॉन्फरन्सच्या काही महिने आधीच निघतं, म्हणून तारखांवर लक्ष ठेवावं लागतं.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट: इथे वेळ घाला

माझं पहिलं प्रपोजल नाकारलं गेलं. शीर्षक होतं 'पायथॉन आणि मराठी भाषा'. खाली चार ओळी होत्या: मराठी ही महत्त्वाची भाषा आहे, पायथॉन लोकप्रिय आहे, या टॉकमध्ये दोन्हींचा आढावा घेऊ. समितीकडून एका ओळीचा शेरा आला: ऐकणाऱ्याला यातून काय मिळेल? फार वाईट वाटलं, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखं खरंच होतं आणि त्यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे टॉकच्या सारांशात, तीन गोष्टी याच क्रमाने याव्यात असं माझं ठाम मत आहे. अडचण काय आहे, तुम्ही तिचं काय केलं आणि ऐकणारा घरी जाऊन काय करू शकेल. बऱ्हाणपूरचंच उदाहरण घेऊ.

अडचण अशी. 'बऱ्हाणपूर'मधला ऱ्ह संगणकात तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एका तऱ्हेत 'ऱ' हे एकसंध अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसरीत साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त आणि ह. तिसरीत साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि त्यानंतर ह. हे चिन्ह यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'झीरो विड्थ जॉइनर' म्हणून ओळखलं जातं. चांगल्या फॉन्टमध्ये तिन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रॅमच्या लेखी ते तीन वेगळे शब्द असतात. माझ्या यादीत तिसरी तऱ्हा होती आणि मी पहिलीने शोधत होतो.

उपायात खरी मेख आहे. यूनिकोडचं 'एनएफसी' नावाचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करणं, पायथॉनमध्ये एका ओळीत करता येतं. त्याने पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होतात, तिसरी मात्र तशीच राहते. मग सुचतं की न दिसणारं जोडचिन्ह सरसकट पुसून टाकावं. ते पुसलं की र रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो आणि 'सातपुड्याच्या दऱ्या' हे 'सातपुड्याच्या दर्या' होतं. डोंगरात समुद्र आला! म्हणून आधी 'र, हलन्त, जोडचिन्ह' ही साखळी 'ऱ, हलन्त' अशी बदलायची, मग नॉर्मलाइझ करायचं.

आता हेच अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये कसं उतरतं ते पाहा:

"मराठी नावांच्या यादीत शोध घेताना डोळ्यांना दिसणारा शब्द प्रोग्रॅमला सापडत नाही, असं वारंवार घडतं. केळीच्या बाजारभावाच्या यादीत 'बऱ्हाणपूर' न सापडल्याने मी या प्रश्नाच्या मुळाशी गेलो. एकच जोडाक्षर यूनिकोडमध्ये तीन प्रकारे कसं लिहिलं जातं, प्रचलित नॉर्मलायझेशन त्यातलं काय दुरुस्त करतं आणि काय नाही, आणि घाईची दुरुस्ती शब्दाचा अर्थ कसा बदलते, हे चालत्या कोडसह दाखवीन. टॉकनंतर श्रोत्यांना स्वतःच्या देवनागरी डेटावर लगेच चालवता येईल अशी तपासणी मिळेल. पायथॉनच्या स्ट्रिंग माहीत असणं पुरेसं आहे, मराठी येण्याची गरज नाही."

शेवटचं वाक्य नीट पाहा. समितीत मराठी न येणारी माणसंही असतील. 'हे आमच्या श्रोत्यांना कळेल का?' ही त्यांची शंका त्यांनी विचारायच्या आत मिटवायची असते. शीर्षकही मी बदललं: 'बऱ्हाणपूर का सापडत नाही? देवनागरी शोधातल्या तीन चुका'. कोणत्या टॉकला बसायचं हे पुष्कळ लोक फक्त शीर्षक वाचून ठरवतात, म्हणून विषय त्यातच कळला पाहिजे.

मिनिटांचा हिशेब

बऱ्याच फॉर्ममध्ये आउटलाइन, म्हणजे टॉकचा मिनिटांनुसार आराखडा, मागतात. फॉर्मने मागितली नाही तरी ती लिहा, कारण विषय वेळेत बसतो की नाही हे तिथेच कळतं. तीस मिनिटांसाठी माझी अशी होती: चार मिनिटं फसलेला शोध प्रत्यक्ष दाखवणं, सात मिनिटं तीन तऱ्हा, सहा मिनिटं नॉर्मलायझेशन, सहा मिनिटं दऱ्या आणि दर्या, दोन मिनिटं तपासणीचा कोड, पाच मिनिटं प्रश्न. पहिल्या मसुद्यात यूनिकोडचा सगळा इतिहासही होता. घड्याळ लावून बोललो तेव्हा इतिहासातच अकरा मिनिटं गेली, मग तो काढला. मनावर दगड ठेवून असं काहीतरी काढावंच लागतं.

भाषा, ओळख आणि समितीसाठीची टीप

फॉर्म बहुधा इंग्रजीत भरायचा असतो. आधी मराठीत लिहा, विचार पक्का होऊ द्या, मग छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. साधी इंग्रजी चालते. ती जड करायला गेलं की विचार झाकला जातो.

काही ठिकाणी पहिल्या फेरीत लेखकाचं नाव झाकून प्रपोजल वाचतात. तिथे अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये स्वतःचं नाव, कॉलेज किंवा कंपनी घालू नका. ओळखीच्या रकान्यात दोन-तीन वाक्यं बस. 'जळगावात राहून बाजारभावाची सॉफ्टवेअरं लिहितो' एवढंही चालतं. समितीसाठीच्या टिपेत तुमच्या कोडची लिंक आणि आधी बोलल्याचा व्हिडिओ द्या. व्हिडिओ नसेल तर मोबाइलवर पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. मी मेहरूण तलावाकाठी बाकावर बसून केला होता, मागे वारा ऐकू येतो, तरी चालला.

पाठवण्याआधी दोघांना वाचायला द्या, एक विषय जाणणारा आणि एक न जाणणारा. वाचून झालं की त्यांना विचारा, "टॉक कशावर आहे?" न जाणणाऱ्याचं उत्तर तुमच्या मनातल्या उत्तराशी जुळलं नाही तर परत लिहा.

शेवटची तारीख

तारखेशेजारी कोणती वेळ लिहिली आहे ते बघा. 'एओई' (एनिव्हेअर ऑन अर्थ) असेल तर पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे तो दिवस मावळतो तिथली वेळ. त्या हिशेबाने रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.२९. 'यूटीसी' म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५.२९. दोन्हींपैकी काहीही असलं तरी आदल्या दिवशीच पाठवून मोकळे व्हा. लोडशेडिंग आणि नेटचा भरवसा धरू नका. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, थेट फॉर्ममध्ये लिहिलेलं पान बंद होताच जातं.

निकाल आल्यावर

नकार आला तर शेरा मागा. मिळाला तर तो धरून लिहा, नाही मिळाला तरी तेच प्रपोजल दुरुस्त करून दुसरीकडे पाठवा. एकच टॉक दोन ठिकाणी पाठवणं साधारणपणे चालतं, फक्त नियम वाचून घ्या. मधल्या काळात लाइटनिंग टॉक हा चांगला मार्ग आहे. पाचेक मिनिटं मिळतात आणि अनेक ठिकाणी नाव कॉन्फरन्सच्या दिवशीच नोंदवता येतं.

होकार आला की दिलेल्या मुदतीत तो पक्का करा. प्रवासखर्चाच्या मदतीचा अर्ज बऱ्याचदा वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी, तो विसरू नका. कॉन्फरन्स बंगळुरूला असेल तर भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस आहे, आणि रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

स्लाइड्समध्ये देवनागरी असेल तर फॉन्ट आत घातलेली पीडीएफ जवळ ठेवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फॉन्ट नसला की जोडाक्षरं सुटी होऊन दिसतात. मी सभागृह रिकामं असतानाच जाऊन एकच स्लाइड पडद्यावर लावून पाहतो, 'बऱ्हाणपूर' लिहिलेली.